यंत्रमागावरची जुनी थ्री फेज मोटर बाराशेला मिळाली, हिला कामाला कुठे लावू?

जुळे_सोलापूरकर

मंडळी, अक्कलकोट रोड एमआयडीसीत एका कारखान्याचे जुने शटलचे माग भंगारात निघाले होते. मी गेलो होतो लोखंडी अँगल बघायला, पण येताना स्कूटरच्या पायापाशी मोटर घेऊन आलो. बाराशे रुपये. घासाघीस केली असती तर हजाराला बसली असती, पण ऊन असं होतं की बोलायचं त्राण नव्हतं.

नेमप्लेट घासून वाचली: १ एचपी, ०.७५ किलोवॅट, ४१५ व्होल्ट, स्टार, २.१ अँपिअर, ९३५ आरपीएम, ५० हर्ट्झ. कंपनीचं नाव गंजून गेलंय. शाफ्ट कॅलिपरने मोजला तर २४ मिलिमीटर. हाताने फिरवला की फिरतो, थोडा खरखरतो.

घरामागे दहा बाय बाराची पत्र्याची शेड आहे. सुतारकाम हौसेचं, अधूनमधून वेल्डिंग. शेडमध्ये लाइट सिंगल फेज. तर या मोटरचं काय करावं? बायकोने एक उपयोग सुचवलाय (दाराला अडण), पण त्याहून बरं काही सुचवा.

टॉवेलवाला

बाराशेला? म्हणजे किलोच्या भावात गेली म्हणायची. आत तांबं आहे का अॅल्युमिनियम ते बघितलं का आधी?

पत्रातालीम

काय बे, मोटर घेतली आणि मग काम शोधायलास? आमचे काका असेच एकदा म्हशीची साखळी स्वस्त मिळाली म्हणून घेऊन आले होते.

वायंडिंग_अण्णा

वर विचारलंय त्याचं उत्तर आधी. नेमप्लेटचं वाचून सांगतो, सहा पोलची (वायंडिंगमुळे तयार होणारे चुंबकाचे सहा ध्रुव) मोटर आहे. ५० हर्ट्झला सहा पोलचा हिशेब १००० फेऱ्यांचा, त्यातून स्लिप (भाराखाली मागे पडणाऱ्या फेऱ्या) जाऊन ९३५. चार पोलची असती तर १४४० च्या आसपास लिहिलं असतं, दोन पोलची २८८० च्या. हे धाग्याच्या सुरुवातीलाच ध्यानात घ्या, कारण कोणी ग्राइंडर म्हणेल, कोणी करवत म्हणेल, आणि सगळं या आकड्यावर अडणार आहे.

मागाची मोटर म्हणजे कष्टाची बाई असते. दिवसभर चालू-बंद, चालू-बंद. म्हणून सुरुवातीचा जोर चांगला ठेवलेला असतो आणि बॉडी पूर्ण बंद असते, कारण कारखान्यात हवेत रुई उडत असते. तीच रुई मागच्या पंख्याच्या टोपणात आणि बॉडीच्या पट्ट्यांमध्ये नमद्यासारखी बसते. टोपण काढून आधी ती साफ करा. मी उघडलेल्या मागाच्या मोटरी जळाल्या त्यातल्या बऱ्याच रुईने गुदमरूनच.

लाइट लगेच देऊ नका. टर्मिनल बॉक्स उघडा. मल्टीमीटरने तिन्ही जोड्यांचा रेझिस्टन्स घ्या, तिन्ही आकडे सारखे हवेत. एक वेगळा आला तर कॉइलमध्ये गडबड. मग प्रत्येक टोक आणि बॉडी यांच्यामध्ये ५०० व्होल्टचा मेगर (इन्सुलेशन तपासायचं मीटर). एक मेगाओहमच्या खाली आला तर दोन दिवस उन्हात ठेवा. आपल्याकडे एप्रिलात भट्टी फुकटच आहे. पुन्हा मोजा. तरीही खाली असेल तर वार्निश करून घ्यावं लागेल.

खरखर म्हणजे बेअरिंग. या साइजला बहुधा ६२०५ असतील, दोन्ही बदला. डुप्लिकेट घेऊ नका.

सुतारपक्षी

९३५ फेरे आणि एक घोडा, म्हणजे लाकडाचा लेथ. बाकी प्रतिसाद वाचायची गरज नाही. 😄

गंभीरपणे सांगतो. कातकामाला साधा ठोकताळा आहे: लाकडाचा व्यास इंचात गुणिले आरपीएम, हे सहा हजार ते नऊ हजारांच्या मध्ये ठेवायचं. दहा इंची वाडगा असेल तर ६०० ते ९००. दोन इंची लाटणं असेल तर तीन हजार चालतील, पण घरगुती लेथवर दीड-दोन हजारात लाटणं छान निघतं. मोटरवर ३-४-५ इंचांची तीन पायऱ्यांची पुली, स्पिंडलवर तीच उलटी. मग वेग मिळतात साधारण ५६०, ९३५ आणि १५६०. लाटणी, रवी, बत्ते, वाडगे सगळं यात बसतं.

१४४० ची मोटर घेणारे खालचा वेग मिळवायला धडपडतात. तुम्हाला तो आयताच मिळालाय.

हौशी_लोहार

सुतारपक्षींशी असहमत. पहिली गरज ग्राइंडरची असते. लेथ बनवायचा तरी पटाशीला धार लागतेच की.

वायंडिंग_अण्णा

ग्राइंडर म्हणणार कोणीतरी, म्हटलं होतं की नाही? सहा इंची चाक ९३५ ने फिरवलं तर कडेचा वेग सेकंदाला सात मीटरच्या थोडा वर. बाजारातला ग्राइंडर २८८० ने फिरतो, तिथे तोच आकडा बावीसच्या वर जातो. तुमचं चाक लोखंडाला नुसतं गुदगुल्या करेल.

सुतारपक्षी

पण अण्णा, धारेसाठी मंद चाकच बरं ना? वेगाच्या ग्राइंडरवर पटाशीचं टोक निळं पडलं की पाणी (पोलादाचा कडकपणा) उतरलं, मग धार टिकत नाही. आठ इंची पांढरं चाक या मोटरवर थेट बसवलं तर कडेचा वेग दहा मीटरच्या आत राहतो. खालच्या भांड्यात पाणी ठेवून मधूनमधून बुडवत राहायचं. दमाने होतं, पण पातं जळत नाही.

हौशी_लोहार

हे मान्य. धारेला मंद, वेल्डिंगचा मणी घासायला जलद. मी दुसऱ्याबद्दल बोलत होतो. पण दुसऱ्याला तर हातातला अँगल ग्राइंडर असतोच, हेही खरं.

मेगाओहम

सगळे पुली आणि चाकावर गेलात, पण शेडमध्ये लाइट सिंगल फेज आहे हे मूळ पोस्टमध्ये लिहिलंय. मोटर थ्री फेज. फिरवणार कशी?

रस्ते दोन आहेत. एक कपॅसिटरचा: मोटर डेल्टात (तिन्ही कॉइल टोकाला टोक लावून त्रिकोणात) जोडायची, दोन टोकांना २३० द्यायचे, तिसऱ्या टोकाला रनिंग कपॅसिटर. किलोवॅटला सत्तर मायक्रोफॅरडचा हिशेब धरतात, म्हणजे इथे पन्नासच्या आसपास, ४४० व्होल्टचा. खर्च चारपाचशे. पण ताकद दोनतृतीयांश राहते आणि सुरुवातीचा जोर फार पडतो. मोकळं चाक फिरेल, भरलेला कॉम्प्रेसर उठणार नाही.

दुसरा व्हीएफडीचा, ज्याला आपल्याकडे नुसतं ड्राइव्ह म्हणतात. सिंगल फेज २३० आत, थ्री फेज २३० बाहेर. पूर्ण ताकद, वेग कमी-जास्त, सावकाश सुरुवात. एक एचपीचा नवा साधारण पाच ते सात हजारांत येतो.

दोन्हींत अट एकच, मोटर स्टारमधून (तिन्ही कॉइलचं एकेक टोक एकत्र बांधलेलं) डेल्टात आणावी लागेल. ४१५ ला स्टार असलेली मोटर डेल्टात २४० वर बरोबर चालते, फक्त करंट २.१ ऐवजी ३.६ च्या जवळ जातो. ड्राइव्हमध्ये मोटरचा करंट तोच भरा.

हिशेबनीस

म्हणजे बाराशेची मोटर, सहा हजारांचा ड्राइव्ह, बेअरिंग पाचसहाशे, पुल्या आणि पट्टा हजार. एवढ्यात नवीकोरी सिंगल फेज मोटर येते वॉरंटीसकट. स्वस्तात मिळाली कुठे?

सुतारपक्षी

नव्या सिंगल फेजला वेग बदलता येत नाही. लेथवर बटण फिरवून वेग बदलणं ज्याने एकदा अनुभवलं तो परत पट्टा सरकवत बसत नाही. शिवाय ड्राइव्ह उद्या दुसऱ्या मोटरला चालतो, वाया जात नाही.

हिशेबनीस

मग खरेदी ड्राइव्हची झाली आणि मोटर त्यावर फुकट, असं म्हणा. मला चालेल. पण घरी सांगताना बाराशेच सांगणार ना तुम्ही? 😏

शेंगाचटणी

मी यंत्रातली नाही, पण एक सुचवू? डंका!

माझ्या सासूबाई शेंगाची चटणी उखळात कुटून करतात आणि मिक्सरला हातसुद्धा लावू देत नाहीत. मिक्सरमध्ये शेंगदाण्याची पेंड आणि तेल वेगळं होतं, नाहीतर भुकटी होते. कुटली तर तेल सुटून चटणी जमते, लसूण-तिखट आत मुरतं. आमच्या भागात मसाला कुटायचा डंका आहे, तिथे उन्हाळ्यात तिखट कुटायला रांग असते. घरगुती छोटा डंका या मोटरवर होणार नाही का? चटणी विकून मोटरचे पैसे निघतील.

वायंडिंग_अण्णा

ताई, हा धाग्यातला सगळ्यात सोलापुरी प्रतिसाद. होईल, नक्की होईल. डंक्याला मिनिटाला साधारण साठ ठोके धरू. मोटरवर ३ इंची पुली, मधल्या शाफ्टवर १२ इंची, तिथे पुन्हा ३ इंची, शेवटच्या शाफ्टवर १२ इंची. ९३५ चे एकदा चौथे हिस्से, पुन्हा चौथे हिस्से, उरले ५८. त्या शाफ्टवरचा कॅम मुसळ उचलतो आणि सोडतो. सहा पोलची मोटर असल्याने दोन टप्प्यांत भागतं. अशा झटक्याच्या कामाला मागाची मोटर चांगली.

पण कपॅसिटरवर नको. पहिलं मुसळ उचलतानाच अडेल.

पत्रातालीम

आणि शेजारी? पहाटे डंका सुरू केला तर जुळे सोलापुरातून थेट पोलीस चौकीत. 🤣

शेंगाचटणी

पहाटे कोण कुटतंय? आणि शेजाऱ्यांना पाव किलो चटणी दिली की आवाज गोड वाटायला लागतो. कडक भाकरीबरोबर दिली तर अजूनच.

भोंगा

अवांतर. वडील गिरणीत होते. सोलापुरात ‘जुनी मिल’ नावाची गिरणी १८७७ ची, पुढे नरसिंग गिरजी, लक्ष्मी-विष्णू. ते सांगायचे, पूर्वीच्या खात्यात प्रत्येक यंत्राला मोटर नसायची. छताखालून एक लांब शाफ्ट, त्यावर पुल्या, प्रत्येक पुलीवरून खाली यंत्राला पट्टा. ज्याला थांबायचं त्याने पट्टा मोकळ्या पुलीवर सरकवायचा.

मूळ प्रश्नकर्त्यांना म्हणून सांगतो, एकच मोटर आहे तर एकच काम का निवडायचं? शेडच्या भिंतीलगत बाकाखाली एक इंची शाफ्ट टाका, पेडेस्टल बेअरिंगवर. एका टोकाला धारेचं चाक, मध्ये लेथ, पलीकडे ड्रिल. एका वेळी एकच यंत्र चालवणार आहात, माणूस एकच आहे.

हौशी_लोहार

कल्पना सुंदर, दहा बाय बाराच्या शेडमध्ये धोकादायक. उघडा फिरणारा शाफ्ट आणि पट्टे पायाशी. गिरण्यांमधून ती पद्धत गेली त्याला हेही एक कारण होतं. शिवाय तीन पट्ट्यांत थोडी थोडी ताकद खाल्ली जाते, एक घोड्यातलं उरणार काय?

त्यापेक्षा मोटर बिजागरीच्या पाटीवर बसवा. एका बाजूला दाराची जाड बिजागरी, दुसरी बाजू मोकळी. मोटर स्वतःच्या वजनाने पट्टा ताणून धरते, वेगळा ताण द्यायला नको. पाटी दोन खिळींनी अडकवलेली ठेवली की मोटर पाटीसकट उचलून दुसऱ्या यंत्राखाली लावता येते. माझ्याकडे ड्रिल आणि पॉलिशचं चाक असंच एका मोटरवर आहे.

भोंगा

जाळी लावून झाकला तर? असो. पाटीची युक्ती चांगली आहे, मान्य.

टॉवेलवाला

पण मुळात हे माग भंगारात गेले याचं कोणाला काही नाही? आमच्या गल्लीत पूर्वी रात्री झोपताना खटखट ऐकू यायची, पाहुण्यांना झोप लागायची नाही, आम्हाला ती बंद झाली की जाग यायची. आता रेपिअर (बिनशटलचे नवे माग) आले, कारखाने कमी झाले. चादरीला भौगोलिक मानांकन मिळालं, पण ‘सोलापुरी’ म्हणून बाहेरच्या चादरी रस्त्यावर विकतात ते विकतातच.

पत्रातालीम

चादरीवर वेगळा धागा काढा मालक, टॉवेल वाळत घालायला हाच का? 😀 (हलके घ्या.)

उन्हाळकाठी

मे महिन्यात पारा ४३ च्या पुढे जातो. मोठा पंखा बसवून शेडचा कूलर करा. बाकी सगळं नंतर.

मेगाओहम

एक एचपी म्हणजे ७४६ वॅट बाहेर मिळणारी ताकद. पूर्ण लोडवर ही जुनी मोटर लाइनमधून हजार वॅटच्या आसपास ओढेल. दिवसाला दहा तास म्हणजे दहा युनिट. बाजारातला कूलर दोनशे वॅटच्या आत भागवतो. तुमच्या पंख्याने हवा येईल, पण बिल बघून घाम जास्त येईल.

हौशी_लोहार

अजून कोणी टेबल सॉ सुचवला नाही याचा आनंद आहे. सुचवूही नका. शाफ्टवर थेट करवतीचं पातं बसवून, वर प्लायला भोक पाडून केलेली करवत मी बघितली आहे आणि ती वापरणाऱ्याची बोटंही बघितली आहेत. एक घोडा जाड सागाला कमी पडतो, पातं अडकलं की लाकूड मागे फेकलं जातं.

दुसरं, साध्या बटणावर मोटर चालवू नका. लाइट गेली, तुम्ही चहाला गेलात, लाइट आली आणि लेथ आपोआप सुरू झाला. स्टार्टर असा हवा की लाइट गेली की पडला पाहिजे आणि पुन्हा हिरवं बटण दाबल्याशिवाय उठता कामा नये. ड्राइव्ह घेतला तर त्यातलं ‘लाइट आल्यावर आपोआप सुरू’ बंद करून ठेवा. अर्थिंग न सांगता समजून घ्या.

तिसरं खास सोलापूरकरांसाठी. खांद्यावरचा टॉवेल काढून खुंटीला लावायचा, मग बटण दाबायचं. लुंगीबद्दल बोलतच नाही.

टॉवेलवाला

आमच्या धंद्यावर गदा. 😂 पण खरंय, पट्ट्यात कापड गेलं की माणूस मागोमाग जातो.

जुळे_सोलापूरकर

एवढे प्रतिसाद येतील असं वाटलं नव्हतं, सगळ्यांचे आभार. प्रगती सांगतो.

टोपणातून रुई निघाली ती मूठभर नाही, उशीभर. वायंडिंग तांब्याचं आहे. तिन्ही जोड्या सारख्या. मेगरला सुरुवातीला अर्ध्याच्या आसपास आला, गच्चीवर उन्हात ठेवल्यावर चारच्या वर गेला. बेअरिंग ६२०५ च निघाले, अण्णा, दोन्ही बदलले. आता आवाज गेला.

पण टर्मिनल बॉक्समध्ये तीनच टोकं आहेत. डेल्टाला सहा लागतात ना? स्टारचा जोड आतच बांधून टाकलेला दिसतो. इथेच थांबायचं का?

वायंडिंग_अण्णा

थांबायचं नाही, घाई पण करायची नाही. पुढचं झाकण काढलं की वायंडिंगच्या डोक्यावर दोऱ्याने बांधलेला एक जाडसर जोड दिसेल, स्लीव्ह घातलेला. तिथे तीन तारा एकत्र झाळलेल्या असतात, तोच स्टार पॉइंट. झाळ सोडवून तीन वेगळ्या वायर जोडून बाहेर आणायच्या. जुनं वार्निश कडक असतं, तार वाकवताना तुटते, म्हणून हे काम स्वतः न करता वायंडिंगवाल्याकडे द्या. ‘सहा टोकं बाहेर काढून दे’ एवढंच सांगा, त्याला कळतं. वायर उष्णता सोसणारी वापरायला सांगा आणि टोकांवर नंबर घालून घ्या. नंबर चुकले तर डेल्टा उलटा लागतो, मोटर गुरगुरते आणि तापते.

जुळे_सोलापूरकर

झालं. अशोक चौकाच्या बाजूला एकाने करून दिलं, नंबरही घातले. लेथचंच ठरवतोय, ड्राइव्हसकट. डाव्या टोकाला धारेचं चाक निघेल असा स्पिंडल करणार, सुतारपक्षी आणि लोहारदादा दोघांचं समाधान. एक शंका: जुनी मोटर ड्राइव्हवर टिकते का? म्हणतात, ड्राइव्हमुळे वायंडिंग फुटतं.

मेगाओहम

४१५ च्या ड्राइव्हवर ती भीती खरी आहे, आतला डीसी सहाशे व्होल्टच्या जवळ असतो. तुमचा ड्राइव्ह २३० चा, त्याचा डीसी सव्वातीनशेच्या आसपास. ४१५ साठी भरलेल्या वायंडिंगला हे सुसह्य आहे. फक्त वायर लांब नको, ड्राइव्ह मोटरजवळच ठेवा.

भीती खरी तर मंद वेगाची. पंखा शाफ्टवरच आहे, वीस हर्ट्झच्या खाली बराच वेळ भाराखाली चालवलं तर मोटर स्वतःलाच वारा घालू शकत नाही. म्हणून ड्राइव्ह असला तरी पायऱ्यांची पुली ठेवा, मोठ्या वाडग्याला पट्टा खालच्या पायरीवर घ्या. वरच्या बाजूला सत्तर हर्ट्झपर्यंत जायला हरकत नाही, जोर थोडा कमी मिळेल. ड्राइव्ह आणि मोटरच्या मध्ये स्विच बसवू नका, चालू-बंद ड्राइव्हच्याच बटणावर. आणि कपॅसिटर घेतला असेल तर तो ड्राइव्हच्या पुढे चुकूनही जोडू नका.

शेंगाचटणी

म्हणजे डंका बाद?

जुळे_सोलापूरकर

बाद कसा? पाटी बिजागरीचीच करतोय. पण आधी तुम्हाला बाभळीचा बत्ता कातून देतो.

सुतारपक्षी

बाभूळ सुकलेली घ्या. ओली कातायला मऊ लागते पण बत्ता नंतर तडकतो. कडुनिंब नको, चटणीला कडू वास येईल.

स्पिंडलला २५ मिलिमीटरचा शाफ्ट आणि यूसीपी २०५ पेडेस्टल घ्या. पट्टा ए सेक्शनचा एक पुरे. मोटरची पुली घेताना बोअर आधीच पाडलेली मिळाली नाही तर टर्नरकडून २४ ची करून घ्या आणि ८ मिलिमीटरची चावी (पुली आणि शाफ्टच्या खाचेत बसणारी लोखंडी पट्टी) मारून घ्या. नुसत्या स्क्रूवर ठेवलीत तर वाडगा अडकला की पुली शाफ्टवर फिरते आणि शाफ्ट खरवडून निघतो.

जुळे_सोलापूरकर

ओतीव पुली घेऊ का अॅल्युमिनियमची? दुकानदार म्हणतो अॅल्युमिनियमची हलकी, मोटरवर ताण येत नाही.

हौशी_लोहार

एक घोड्याला दोन्ही चालतात, ताणाचं काही नाही. पण ओतीव घ्या. अॅल्युमिनियमची चावीची खाच झटक्यांनी रुंदावते, आणि तुम्ही पुढेमागे डंका जोडणार आहात. दुकानातच पुली शाफ्टच्या तुकड्यावर चढवून हाताने फिरवून बघा, डगमगत असेल तर तिथेच परत द्या.